न लिहिलेला उजवा हात

अठराव्या शतकातला संगीतकार हँडेल याच्या एफ मेजर सोनाटाच्या (चार भागांच्या वाद्यरचनेच्या) हस्तलिखितात दोनच ओळी आहेत. वर रेकॉर्डर, म्हणजे उभी धरून वाजवायची बासरी; खाली बास, म्हणजे खर्जातल्या स्वरांची ओळ. बासच्या स्वरांपाशी कुठे ६, कुठे ७, कुठे ४ आणि लगेच ३, तर कुठे नुसतंच शार्पचं चिन्ह. मैफलीत मात्र याहून बरंच जास्त ऐकू येतं. हार्पसिकॉर्ड (पियानोआधीचं, तारा छेडणारं की-बोर्डचं वाद्य) वाजवणाऱ्याचा डावा हात लिहिलेला बास वाजवतो, आणि उजवा हात जे वाजवतो त्यातला एकही स्वर हँडेलनं लिहून ठेवलेला नसतो. तो आकड्यांवरून जागच्या जागी जुळवायचा. या पद्धतीला बासो कंटिन्युओ म्हणतात. साधारण १६०० पासून पुढची दीडशे वर्षं युरोपातलं जवळजवळ सगळं संगीत या पद्धतीवर उभं होतं.

रेकॉर्डर शिकणारे बहुतेक जण हा सोनाटा वरच्या ओळीकडून शिकतात, आणि ते स्वाभाविकही आहे. चाल गोड आहे, बोटं फार अडत नाहीत, महिन्याभरात चारही भाग हातात येतात. मग साथीला कुणीतरी बसतं आणि सगळं सपाट वाटायला लागतं. स्वर बरोबर, लय बरोबर, तरी रचना पुढे सरकत नाही. माझ्या मते याचं कारण शिकण्याच्या दिशेत आहे. हा सोनाटा खालून वर शिकायचा आहे.

त्याआधी थोडी ओळख. हँडेलच्या रचनांच्या कॅटलॉगमध्ये याचा क्रमांक एचडब्ल्यूव्ही ३६९. हँडेलनं स्वतः उतरवलेली स्वच्छ प्रत केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये आहे आणि तिचा काळ १७२५-२६ च्या सुमाराचा मानतात. त्याच सुमारास त्यानं जी मायनर, ए मायनर आणि सी मेजर असे आणखी तीन सोनाटे तितक्याच सुवाच्यपणे उतरवले. वर मथळा आहे ‘सोनाटा आ फ्लाउतो ए चेंबालो’. चेंबालो म्हणजे हार्पसिकॉर्ड. त्या काळी नुसतं फ्लाउतो म्हटलं की रेकॉर्डरच समजायचा; आडव्या बासरीला ट्राव्हेर्सो म्हणत. या चारही प्रतींमध्ये आकडे फार दाट आहेत. हँडेल एरवी आकड्यांच्या बाबतीत हात आखडता घेणारा, त्यामुळे ही पानं कंटिन्युओ शिकवण्यासाठी तयार केली असावीत असा अभ्यासकांचा तर्क आहे. राजकन्या ॲन त्याची शिष्या होती, आणि कंटिन्युओ शिकवण्यासाठी त्यानं लिहिलेले धडे याच म्युझियममध्ये जपलेले आहेत. तर्क मला पटतो. एफ मेजर सोनाटाचा बास एकदा नुसता वाजवून पाहिला तरी एखादा चांगला मास्तर पायरीपायरीनं अडचण वाढवत नेतोय असं वाटत राहतं.

छपाईचा इतिहास मात्र जरा भानगडीचा आहे. लंडनच्या जॉन वॉल्शनं १७३० च्या आसपास हे सोनाटे इतर काही रचनांबरोबर छापले आणि मुखपृष्ठावर प्रकाशक म्हणून आम्स्टरडॅमच्या जान रोजे यांचं नाव घातलं. रोजेबाई १७२२ मध्येच वारल्या होत्या. पुढे त्यानं स्वतःच्या नावानं दुसरी आवृत्ती काढली आणि ही आधीपेक्षा जास्त बिनचूक आहे असं मुखपृष्ठावर बजावलं. ते सांगणाऱ्या इंग्रजी शब्दाचंच स्पेलिंग चुकलं होतं. संचातले काही व्हायोलिन सोनाटे हँडेलचे नाहीतच. १८७९ मध्ये क्रिसांडर या संपादकानं समग्र हँडेलच्या खंडात सगळं मिळून पंधरा सोनाटे ‘ओपस १’ म्हणून एकत्र केले आणि हा सोनाटा ओपस १ क्रमांक ११ म्हणून रूढ झाला. आज दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही प्रतीत उजव्या हातासाठी बारीक टायपात छापलेले स्वर दिसले, तर ते संपादकाचे आहेत हे आधी लक्षात ठेवावं. जुन्या आवृत्त्यांतले संपादक पियानोवाले होते. रेकॉर्डरची चालच थर्डच्या, म्हणजे सा-ग एवढ्या, अंतरावरून खाली गिरवायची त्यांना फार हौस. असे स्वर बिनदिक्कत वगळावेत.

आता मुद्द्याकडे. रेकॉर्डरवर मोठा-लहान आवाज काढता येत नाही. फुंकर एका अरुंद फटीतून जाते आणि समोरच्या धारेवर आदळून दुभंगते. फट घडवणाऱ्यानं कायमची ठरवलेली असते, ओठांना तिथे काही काम नाही. जोर वाढवला की आवाज किंचित वाढतो, पण स्वर आधी चढतो. जोर कमी केला की स्वर उतरतो. पट्टीच्या बाहेर न जाता जेवढा फरक करता येतो तो सभागृहाच्या तिसऱ्या रांगेत जाणवतही नाही. हार्पसिकॉर्डची गत तीच. बोटाखालची पट्टी हळू दाबा की जोरात, पिसाची टोकेरी नखी तार एकाच ताकदीनं छेडते. म्हणजे मथळ्यात लिहिलेली दोन्ही वाद्यं उठाव देण्याच्या नेहमीच्या साधनाला मुकलेली आहेत. या सोनाटातलं वादनाचं जवळपास सगळं कौशल्य या एका अडचणीतून निघतं. जोर नाही, तेव्हा हातात उरतं काय? स्वर केव्हा सुरू करायचा, केव्हा सोडायचा, मध्ये किती मोकळी जागा ठेवायची, आणि एका मात्रेवर किती स्वर रचायचे.

पहिल्या तीन गोष्टी रेकॉर्डरवाल्याच्या, चौथी हार्पसिकॉर्डवाल्याची.

रेकॉर्डरवर स्वर सुरू होतो जिभेनं. ओतेतेर या फ्रेंच वादकाच्या १७०७ च्या पुस्तकात ‘तु’ आणि ‘रु’ अशी दोन अक्षरं सांगितली आहेत. क्वांट्झ या जर्मन बासरीवादकानं १७५२ मध्ये ‘ति’, ‘दि’, ‘तिरि’ अशी यादी वाढवली. इंग्रजी बोलणाऱ्यांना यातला ‘रु’ जमवताना घाम फुटतो. मराठी जिभेला तो फुकट मिळतो, कारण आपला र टाळूला एकदाच हलकेच टेकून सुटतो आणि ओतेतेरला हवा तो नेमका तसाच. शिवाय त, द, ट, ड असे चार निरनिराळे आघात आपल्याकडे लहानपणापासून तयार असतात. ‘त’ स्पष्ट, ‘द’ मऊ, ‘ट’ बहुतेकदा फारच कडक. ‘ट’नं स्वर सुरू केला की खालच्या एफ-जीमध्ये सुरुवातीला ‘टिक्’ असा आवाज येतो किंवा स्वर उडून वरच्या सप्तकात जातो. खालच्या सप्तकात ‘द’, वर ‘त’, आणि दोन-दोन स्वरांच्या जोड्यांत ‘तु-रु’. जोडीत वजन पडतं ‘रु’वर, म्हणून ‘रु’ मात्रेवर यायला हवा; ‘तु’ त्याच्या आधीचा, हलका. नवशिके याच्या उलट करतात आणि मग लय मागे ओढली जाते.

स्वर कसा संपवायचा हे शिकवणारे त्या मानानं कमी भेटतात. रेकॉर्डरचा स्वर फुंकर मंदावत संपवला की शेवटी तो उतरतो, एखादं माणूस जांभई देत बोलणं संपवतं तसा. म्हणून तो जिभेनं बंद करावा: ‘तुत्’, जीभ परत जागेवर. तेही इतक्या हळुवारपणे की बंद झाल्याचा आवाज येऊ नये. मात्रेवरच्या स्वराला महत्त्व द्यायचं असेल तर त्याच्या आधीचा स्वर थोडा लवकर सोडावा. मधल्या त्या इवल्या मोकळ्या जागेमुळे पुढचा स्वर मोठा वाटतो. मोजायला गेलं तर तो मोठा नसतो.

बोटांचं म्हणाल तर हा सोनाटा आल्टो रेकॉर्डरचा. पुढे सात भोकं, मागे अंगठ्याचं एक. सगळी झाकली की एफ. शाळेत मिळतो तो सोप्रानो रेकॉर्डर सीमधला असतो, त्यावर हे वाजवायचं तर सगळी बोटं नव्यानं शिकावी लागतात. एफ मेजरमध्ये एकच फ्लॅट (अर्ध्या पायरीनं उतरवलेला स्वर), बी-फ्लॅट, आणि तो सारखा लागतो. बरोक पद्धतीच्या वाद्यावर त्याची बोटं अशी: अंगठा, पहिली चार भोकं, पाचवं उघडं, सहावं-सातवं झाकलेलं. जर्मन पद्धतीच्या वाद्यावर हे सोपं करून टाकलेलं असतं. तिथे अंगठा आणि चार बोटं पुरतात. पण या सोयीची किंमत बी-नॅचरलसारखे दुसरे स्वर बेसूर होऊन चुकवावी लागते. वाद्य घेताना वरून तिसऱ्या-चौथ्या नाही, तर चौथ्या आणि पाचव्या भोकाकडे पाहावं: बरोकमध्ये चौथं लहान आणि पाचवं मोठं, जर्मनमध्ये उलट. बरोकच घ्यावं.

खरी अडचण वरच्या जी-एच्या वेशीवर येते. वरच्या जीला फक्त एक बोट लागतं, दुसरं, अंगठाही उघडा. पुढच्या एला एकदम अंगठा आणि पाच बोटं, त्यात अंगठ्याचं भोक जेमतेम नखभर उघडं. एका बोटावरून सहांवर उडी. एफ मेजरमध्ये मुक्काम, म्हणजे वाक्य संपण्याची जागा, जवळ आला की चाल हटकून याच दोन स्वरांपाशी घोटाळते, कारण मुक्कामाआधीचा ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची भरभर आलटापालट) जीवर असतो आणि तो वरच्या एवरून सुरू करायचा असतो. ट्रिल मात्रेवर, वरच्या स्वरानंच सुरू व्हावा, मात्रेआधी नाही. खाली बास सीवर असतो, आकडे ४-३, आणि रेकॉर्डरचा ए त्या सीशी थोडा थांबून मग जीवर उतरतो. बोटं ट्रिलला तयार नसतील तर ए लांब धरावा, शेवटी एक-दोनदाच जीशी आलटूनपालटून मुक्कामावर यावं. घाईघाईनं केलेल्या भरपूर ट्रिलपेक्षा हे कितीतरी बरं वाजतं. अंगठ्याचं भोक जास्त उघडलं तर ए घोगरा होतो, कमी उघडलं तर खालच्या सप्तकात कोसळतो. अंगठ्याचं नख वाढलेलं असेल तर ते आधी कापावं. या दुरुस्तीनं सुटलेल्या तक्रारी जितक्या, तितक्या महिन्यांच्या रियाजानंही सुटत नाहीत.

बास. पहिल्या आठवड्यात रेकॉर्डर केसमध्येच ठेवून बास गावा. खरंच गावा, सप्तक आपल्या गळ्याला सोयीचं घेऊन. गाताना गळा कुठे थांबू पाहतो ते बघावं: तिथे मुक्काम आहे. कुठे बास पायरीपायरीनं चालतोय आणि कुठे उड्या मारतोय तेही बघावं. पायरीनं चालणारा बास पुढे नेतो, उडी मारणारा बहुतेक वेळा वाक्य संपवत असतो. हे एकदा कळलं की रेकॉर्डरच्या ओळीत श्वास कुठे घ्यायचा हा प्रश्न निम्मा सुटतो. दुसऱ्या भागात, ॲलेग्रोमध्ये (जलद लयीत), रेकॉर्डरला विश्रांतीची जागा जवळपास नाहीच. बारच्या रेषेवर श्वास घेतला की दर वेळी उचकी लागल्यासारखं वाटतं. श्वास मात्रेवरच्या स्वरानंतर घ्यावा, पुढच्या झुपक्याच्या आधी, आणि लागणारा वेळ वाजून गेलेल्या स्वरातून कापावा, येणाऱ्या स्वरातून नाही. पेन्सिलनं जागा ठरवून टाकाव्यात. ऐनवेळी दम लागला की माणूस नेमक्या नको त्या ठिकाणी श्वास घेतो.

हिंदुस्थानी संगीताच्या कानाला इथे एक वेगळी सवय करावी लागते. आपल्याकडे षड्ज एकदा लागला की हलत नाही, बाकीचे स्वर त्याच्याशी नातं सांगतात. इथे दर मात्रेला बासचा स्वर बदलतो आणि वरच्या स्वराचं नातं त्याच्याबरोबर बदलतं. रेकॉर्डरचा एकच सी घ्या. बासमध्ये एफ असताना तो पंचमासारखा निवांत, ए असताना कोमल गंधारासारखा, डी असताना सातवा, म्हणजे सुटायला उतावीळ. वादक स्वर तोच धरतो, पण ए-वरचा सी अंमळ चढा हवा आणि सी-वरचा ई अंमळ उतरता. एफ मेजरमधला ई सगळ्यात चुकतो, कारण तो मुक्कामाच्या आधीचा स्वर असल्यानं वादक त्याला वर ढकलतात, पण खाली बासमध्ये सी असताना त्याला उतरता राहायचं असतं. ही तजवीज फुंकरीनं करायची, तीही अगदी किंचित.

किंचित म्हणजे किती, ते आकड्यांत सांगता येतं. सप्तकाचे १२०० सेंट मानले तर तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. आजच्या पियानोवर तेच अंतर ४००. व्हालोत्ती नावाच्या जुन्या जुळणीत एफ ते ए हे अंतर ३९२ येतं, कारण एफ-सी-जी-डी-ए या चारही पंचमांतून कॉमाचा (शुद्ध पंचमांनी फिरून आलं की उरणाऱ्या छोट्या फरकाचा) एक-एक षष्ठांश कापलेला असतो. या जुळणीत एफ मेजर, सी मेजर आणि जी मेजर हे तीन सगळ्यात गोड. हार्पसिकॉर्ड जर आजच्या पियानोसारखं समान अंतराच्या जुळणीत असेल तर रेकॉर्डर आणि हार्पसिकॉर्ड यांच्यात लांब स्वरांवर कायम एक कुरकुर ऐकू येत राहते. ती रेकॉर्डरवाल्याच्या माथी मारली जाते, त्याचा दोष नसताना.

आपल्याकडे खरं हार्पसिकॉर्ड सहजी मिळत नाही. मुंबई, पुणे किंवा पणजीत हा सोनाटा वाजतो तेव्हा बहुतेक वेळा डिजिटल पियानोच असतो. त्याला हरकत नाही, पण काही गोष्टी आधी कराव्यात. बोटांच्या जोरानुसार आवाज बदलण्याची सोय बंद करावी. लाकडी आल्टो बऱ्याचदा ४१५ हर्ट्झच्या पट्टीतला असतो, म्हणजे ४४० पेक्षा अर्धा स्वर खाली. तेव्हा डिजिटल पियानो अर्ध्या पायरीनं खाली ट्रान्सपोज करावा. ४१५ आणि ४४० ची गाठ घातली तर साथीदाराला सगळं ई मेजरमध्ये वाजवावं लागेल, चार शार्प घेऊन. जुळणीच्या यादीत व्हालोत्ती किंवा वेर्कमाइस्टर असेल तर ती निवडावी, आधारस्वर सी ठेवावा, आणि ट्रान्सपोज केल्यावर आधारस्वर भलतीकडे सरकला नाही ना हे एफ-ए ही जोडी वाजवून कानानं तपासावं. की-बोर्डच नसेल तर चेलो, म्हणजे गजानं वाजवायचं खर्जाचं तंतुवाद्य, पुरतो. कोरेल्लीच्या १७०० सालच्या ओपस ५ च्या मुखपृष्ठावर साथीसाठी ‘व्हिओलोने (खर्जाचं गजवाद्य) किंवा चेंबालो’ असं स्वच्छ लिहिलंय, ‘आणि’ नाही. रेकॉर्डर आणि चेलो एवढ्यावर हा सोनाटा छान उभा राहतो. वाईट पियानोपेक्षा नक्कीच छान.

आता तो उजवा हात. नियम थोडे आहेत. बासवर आकडा नसेल तर त्याचा तिसरा आणि पाचवा स्वर घ्यायचा. ६ असेल तर तिसरा आणि सहावा. ४-३ म्हणजे चौथा धरून ठेवून तिसऱ्यावर सोडायचा. नुसतं शार्प असेल तर तिसरा स्वर अर्ध्या पायरीनं वर. एवढ्या शिदोरीवर पहिला भाग पार पडतो. पुढची कला म्हणजे काय वगळायचं हे कळणं. आल्टो रेकॉर्डर जिथे लिहिलाय तिथेच वाजतो आणि त्याचा खालचा सप्तक मवाळ असतो, म्हणून उजव्या हातानं शक्यतो चालीच्या खाली राहावं. रेकॉर्डरकडे असलेला विसंवादी स्वर, विशेषतः लोंबकळत राहून मग सुटणारा, हार्पसिकॉर्डनं आधीच सोडवून दाखवू नये. ४-३ मध्ये ४ रेकॉर्डरकडे असेल तर उजव्या हातानं तिथे तिसरा घेऊन बसणं म्हणजे विनोदाचा शेवट आधीच सांगून टाकणं.

आणि जोराचा प्रश्न इथेच सुटतो. वजनदार मात्रेवर चार-पाच स्वर, खालून वर झटकन छेडलेले. हलक्या मात्रेवर दोन, किंवा नुसता बास. हार्पसिकॉर्डवर ऐकणाऱ्याला हा थेट मोठा-लहान आवाज वाटतो. पहिला भाग तीनच्या ठेक्यात आहे (हस्तलिखितात त्यावर ग्रावे, वॉल्शच्या छापील प्रतीत लार्गेत्तो; दोन्ही संथ लयीच्या सूचना). असा तीनचा ठेका मुक्कामाजवळ आला की दोन बार मिळून सहा मात्रांचे दोन-दोनाचे तीन गट पडतात का, ते पाहावं. पडत असतील तर भरीव कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) त्या तीन ठिकाणी द्यावेत आणि बारच्या पहिल्या मात्रेचा हट्ट सोडावा. कॉर्ड छेडताना सगळ्यात खालचा स्वर अचूक मात्रेवर पडायला हवा, बासला चेलोही असेल तर त्याच्या गजाबरोबर. वरचे स्वर मागून आले तरी चालतात. उलट झालं, म्हणजे वरचा स्वर मात्रेवर आणि बास आधी, तर तिघांची लय चिखलात रुतते आणि कोण चुकतंय हेच कळेनासं होतं.

हंगामाबद्दल दोन शब्द, कारण आपल्या हवेत हे नेहमी घडतं. नळीतली हवा एका अंशानं तापली की रेकॉर्डर सुमारे ३ सेंट चढतो. तारा मात्र उष्णतेनं सैल पडून उतरतात. म्हणजे दिव्यांखाली दोन वाद्यं विरुद्ध दिशांना जातात, म्हणून जुळणी रेकॉर्डर दहा मिनिटं वाजवून झाल्यावरच करावी. एसीच्या गार हॉलमध्ये फटीत पाणी साचून आवाज घुसमटतो. वाजवण्याआधी डोक्याचा भाग काखेत किंवा खिशात गरम करावा. तरी साचलं तर श्वास आत ओढून घ्यावा. खिडकीच्या धारेला बोट लावू नये, ती एकदा दुखावली की वाद्य गेलंच. खूप चढलं म्हणून डोक्याचा सांधा ओढून काढताना दोन मिलिमीटरवर थांबावं. त्यापुढे वरचे स्वर खालच्यांपेक्षा जास्त उतरतात आणि सप्तकच जुळत नाहीत. नवं लाकडी वाद्य पहिल्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नये.

तिसरा भाग, सिचिलियाना, डी मायनरमध्ये. अगदी छोटा, बाराच्या ठेक्यात झुलणारा. इथे मोह होतो तो मींड घेण्याचा, विशेषतः बासरीची सवय असलेल्यांना. रेकॉर्डरवर बोट सरकवत मींड निघतेही, आणि सुरेख निघते. पण ती घेऊ नये. या भागाचा सगळा ताण वरचा स्वर ठरलेल्या क्षणी बासशी भांडतो यात आहे. मींडेनं तो क्षणच पुसला जातो. सजावट करायचीच तर थर्डच्या उड्या मधल्या स्वरानं भराव्यात, लांब स्वराला वरून एक स्पर्श द्यावा. बासबरोबर नुसतं वाजवून पाहावं: सजावटीमुळे मात्रेवरचा मूळ स्वर हरवत असेल तर ती जास्त झाली.

या भागाचा शेवट डी मायनरवर होत नाही, ए मेजरवर थांबतो, उघडा. अशा थांब्याची ठरलेली चाल म्हणजे बासचा बी-फ्लॅट ६ या आकड्यासह, आणि मग ए, शार्पसह. इथे हार्पसिकॉर्डवाल्यासाठी एक जुना सापळा आहे. बी-फ्लॅटवर उजव्या हातात जी खाली आणि डी वर असतील आणि तो हात तसाच उचलून ए-ई वर नेला, तर दोन पंचम समांतर चालतात आणि त्या काळच्या मास्तरांना ते खपत नसे. डी खाली, जी वर ठेवावा. मग डी सी-शार्पवर उतरतो, जी एवर चढतो आणि हात न अवघडता पोचतो. इथे चेलोनं गज उचलू नये, हार्पसिकॉर्डनं कॉर्ड पुन्हा छेडू नये. व्हालोत्तीत हे ए ते सी-शार्प अंतर ४०० सेंट, म्हणजे एफ-ए पेक्षा आठ सेंटनं तीव्र. ते तसंच विरू द्यावं आणि शेवटचा ॲलेग्रो फार वेळ न घालवता सुरू करावा. एफ मेजर लागल्याबरोबर तिसरा स्वर ३९२ वर येतो आणि खोली एकदम सैल होते. समान अंतराच्या जुळणीत हा फरक शून्य. जुळणीचा एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारणाऱ्याला ही दोन पानं सलग ऐकवावीत.

शेवटचा भागही बाराच्या ठेक्यात, पण आता जिग या नाचासारखा उड्या मारणारा. दोन खंड, दोन्हींची आवर्तनं. तीन स्वरांच्या झुपक्यात पहिला किंचित लांब, दुसरा-तिसरा हलके. तिन्ही सारखे वाजवले की शिवणयंत्र सुरू होतं. लय ठरवताना रेकॉर्डरच्या बोटांऐवजी चेलोच्या गजाला विचारावं. बासच्या उड्या गजाला जिथे सुखाच्या वाटतात ती लय बरोबर. दुसऱ्या आवर्तनात हार्पसिकॉर्डनं पहिल्यासारखं वाजवू नये: एखादी ओळ नुसत्या बासवर सोडावी, मुक्कामाआधी कॉर्ड भरावेत. रेकॉर्डरनंही मोजकेच स्वर बदलावेत.

हँडेलनं स्वतः हा सोनाटा फिरून वापरला. १७३५ मध्ये ‘डेबोरा’ या ऑरेटोरिओच्या (धार्मिक कथेवरच्या गायनरचनेच्या) प्रयोगात ऑर्गन कॉन्सर्टो, म्हणजे वाद्यवृंदासह ऑर्गनची रचना, म्हणून तोच एफ मेजर, तेच चार भाग. १७३८ मध्ये वॉल्शनं तो ओपस ४ चा पाचवा कॉन्सर्टो म्हणून छापला. रेकॉर्डरची ओळ ऑर्गनच्या उजव्या हातात गेली, भोवती तंतुवाद्यं आली. सोनाटा बसवताना ते पान शेजारी ठेवावं. बासवर मधले स्वर कुठे रचायचे आणि कुठे सगळ्यांनी गप्प बसायचं, हे तिथे तंतुवाद्यांच्या ओळींत खुद्द त्याच्या हातचं लिहिलेलं आहे. हार्पसिकॉर्डवाल्यानं तिथून एखाद-दुसरी ओळ उचलली तर त्याला चोरी म्हणणार कोण?